मास्तर जिथे थांबायचे

आत्या आणि भाचा एकाच घरात राहत होते आणि दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. मधल्या मध्ये हाल झाले ते भाच्याच्या बायकोचे. "आत्यांना सांग, आज मला उशीर होईल," हे तो आत्याच्या तोंडावर बायकोला सांगायचा, आणि "त्याला सांग, मी बहिरी नाही," हे आत्या त्याच्या तोंडावर तिलाच सांगायची. ती बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघत पोळपाट-लाटणं आवरायची.

आत्या खरी भाच्याची, पण गल्लीत, चर्चमध्ये आणि कारखान्यात सगळ्यांचीच आत्या होऊन बसली होती. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती काज-बटणाच्या टेबलावर होती. तिथे मशिनी येऊन जुन्या झाल्या, तरी भारी कोटांची काजं अजून तिच्या हातची लागायची. स्वभाव तिखट, नाकावर माशी बसू द्यायची नाही. नवे पाळकसाहेब आले त्या रविवारी त्यांनी आशीर्वादासाठी हात वर केले, आणि आत्याने भक्तिभावाने मान खाली घालायच्या ऐवजी त्यांच्या बाहीचं सैल काज बघून घेतलं. सोमवारी झगा मागवून घेतला. बाई अशी होती.

भाऊ आणि भावजय लवकर गेले तेव्हा भाचा एवढासा होता. आत्याने त्याला वाढवलं. त्याच्यापायी लग्न केलं नाही, असं लोक म्हणत. ती म्हणे, "कोणी विचारलंच नाही, उगाच त्या पोराच्या डोक्यावर खापर कशाला?" पोरगा मोठा होऊन लिफ्टचा मेकॅनिक झाला, हाताने हुशार, डोक्याने गरम, आणि चाळिशीच्या आत चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर गेला. भांडण तिथून सुरू झालं.

त्यांच्या मंडळीत एक जुनी प्रश्नोत्तरी होती. मंडळीतले पहिले लोक दगडखाणीत राबणारे, अक्षरशत्रू. त्यांना शिकवायला एक मास्तर आले. शेकडो वर्षांपूर्वी दूरदूरच्या देशांत विश्वासणाऱ्यांनी, कुणी तुरुंगात बसून, कुणी राजासमोर उभं राहून, आपण कशावर विश्वास ठेवतो याचे जे अंगीकार लिहून ठेवले होते ते या मास्तरांनी वाचून काढले होते. त्यांतून त्यांनी खाणीतल्या माणसाला पेलतील असे लहान लहान प्रश्न आणि उत्तरं केली, आणि सकाळी काम सुरू व्हायच्या आधी खाणीच्या काठावर उभं राहून ती तोंडी म्हणून घेतली. ती दर रविवारी अजूनही म्हटली जात. एकाने विचारायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. विचारण्याचं काम तरुणपणापासून आत्याकडे होतं.

मास्तरांना दमा होता. शेवटचं उत्तर सगळ्यांत लांब, आणि ते म्हणताना त्यांचा श्वास मध्येच संपायचा. खाणवाल्यांना वाटलं, असंच म्हणायचं असतं. मास्तर जिथे धापा टाकत थांबायचे तिथे तेही थांबायला लागले. मास्तर गेले, खाण बंद पडली, नातवंडं पंख्याखाली बाकांवर बसायला लागली, पण थांबा काही सुटला नाही. शेवटचा प्रश्न असा होता: "तुझं बळ सरलं तर तुझं काय होईल?" आणि सगळी मंडळी म्हणायची, "मी पडणार नाही. मी त्याला धरलं आहे म्हणून नव्हे, तर त्याने मला…" इथे सगळे गप्प. भला मोठा एक श्वास. मग, "…धरलं आहे म्हणून."

पाहुण्यांना हसू यायचं. भाच्याला लाज वाटायची.

"त्याने मला काय?" तो कमिटीत म्हणाला होता. "बोलावलं? रागावलं? बाहेरचा माणूस विचारात पडतो. आपण एका दमेकऱ्याचा दमा पिढ्यान्‌पिढ्या जपतोय! आणि अर्थ किती जणांना कळतो? नुसती पोपटपंची. माझं म्हणणं, ही प्रश्नोत्तरी बंद करू. ज्याने त्याने आपल्या मनातलं आपल्या शब्दांत बोलावं."

पाळकसाहेब तरुण, कुणालाच न दुखवणारे. त्यांनी मतदानाची तारीख ठरवली. आत्या घरी येऊन म्हणाली, "आपल्या शब्दांत! तुझे शब्द मला माहीत आहेत. पाना हातातून सुटला की ऐकते ना मी."

"आत्या, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. कोट शिवताना आत माया सोडतात, माणूस वाढला तर कोट उसवून वाढवता यावा म्हणून. त्या लोकांनी या उत्तरांत तशी माया तुझ्यासाठी सोडून ठेवलीय. आज सैल वाटतंय म्हणून कात्री चालवतोस होय?"

"आणि तो थांबा? तोही माझ्यासाठीच?"

त्यावर आत्या गप्प झाली, आणि मग इतकं वाईट बोलली की ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून अबोला. पुढच्या रविवारपासून भाच्याने नवंच सुरू केलं: शेवटचं उत्तर तो न थांबता, सगळ्यांच्या पुढे, मोठ्याने म्हणून टाकायचा. मंडळी श्वास घेत असताना याचं "धरलं आहे म्हणून" एकटंच भिंतीवर जाऊन आपटायचं.

आत्या का गप्प झाली होती ते भाच्याला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तिचा बाप खाणीतला शेवटचा कामगार. दगडाच्या धुळीने त्याची छाती भरली आणि तो खाटेवर पडला. शेवटच्या दुपारी त्याने पोरीला जवळ बोलावलं आणि म्हणाला, विचार. तिने एकेक करत सगळे प्रश्न विचारले. शेवटचं उत्तर त्याने सुरू केलं आणि "त्याने मला" पाशी थांबला. सगळे थांबले, थांबायचीच जागा होती ती. पोरगी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ गेल्यावर आईने पुढे होऊन त्याचे डोळे मिटले.

तेव्हापासून आत्या विचारायची, उत्तर द्यायची नाही. शेवटच्या उत्तराला ती पुस्तक चाळायची, नाहीतर खोकायची. तो थांबा तिला दर रविवारी कापत जायचा, आणि तरीही तो काढून टाकायची गोष्ट निघाली तेव्हा तिला भडभडून आलं. बाप अजून तिथेच थांबलेला आहे, आणि ही कमिटी त्याच्या अंगावरून रस्ता काढतेय, असं तिला वाटलं. हे भाच्याला सांगायचं तर रडावं लागलं असतं, आणि रडण्यापेक्षा भांडणं तिला सोपं जायचं.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात कारखान्यातली मालाची लिफ्ट बिघडली आणि ती बघायला नेमका भाचा आला. आत्या काजाच्या टेबलावर होती. तो तिच्या समोरून हत्यारांची पिशवी घेऊन गेला. तिने मान वर केली नाही, पण त्याने हेल्मेटचा पट्टा नीट बांधलाय का ते बघून घेतलं.

लिफ्टचा पिंजरा खालच्या मजल्याच्या थोडा वर अडकला होता. भाचा त्याच्या खालच्या खड्ड्यात उतरला. थोड्या वेळाने असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरच्या शिलाईच्या मशिनी थबकल्या. मग खाली कुणीतरी ओरडलं आणि आत्या हातातल्या सुईसकट जिना उतरत सुटली.

पिंजरा एका बाजूने घसरून तिरका बसला होता. भाचा त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभाच्या उभा दाबला गेला होता. दारातून वाकून पाहिलं की खोल कोपऱ्यात फक्त एक खांदा दिसायचा. फोरमनची पाचावर धारण बसली होती. कुणी म्हणत होतं ओढा, कुणी म्हणत होतं हात लावू नका. बंब आला तेव्हा कुठे गोंगाट थांबला.

बंबावरचे साहेब पोटावर झोपून आत बघून आले आणि त्यांनी सरळ सांगितलं. "पिंजरा एकाच रुळावर अडकलाय. वरच्या तुळईला चेन पुली लावतो. थोडं उचलायचं, खाली लाकडी ठोकळे सरकवायचे, परत थोडं उचलायचं. वेळ लागेल, पण माणूस शाबूत निघेल. फक्त त्याने शुद्धीवर राहिलं पाहिजे. त्याच्या गळ्याखाली लोखंडी पट्टी आहे. मान टाकली तर श्वास बंद."

"आणि मान टाकली तर?" आत्याने विचारलं.

"तर मी वाट बघणार नाही. एका झटक्यात पिंजरा वर ओढणार. सुटला तर सुटला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आणि रुळावरून निसटला तर सगळा त्याच्या अंगावर येईल. म्हणून ती वेळ येऊ द्यायची नाही. तुम्ही कोण त्याच्या?"

"आत्या."

"मग बोलत ठेवा त्याला. त्याचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज कळतो. आवाज बंद झाला की मी हुकूम देणार."

आत्या दारात पालथी पडली. फरशीवर तेल होतं, साडी त्यात भिजली. तोंड फटीजवळ नेऊन ती म्हणाली, "अरे, मी आहे."

बऱ्याच वेळाने आतून आलं, "कोण?"

"कोण म्हणजे? दोन महिने बोलले नाही म्हणून आवाज विसरलास?"

"आत्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "झोप येतेय."

"खबरदार झोपलास तर!"

वर चेन करकरायला लागली. आत्या बोलत राहिली. बायकोला निरोप गेलाय, दवाखान्याची गाडी उभी आहे, तुझ्या पिशवीला कुणी हात लावलेला नाही. रागावली, लाडात आली, परत रागावली. आतून "हं" यायचं, मग अर्धं "हं", मग नुसता उसासा. आयुष्यभर तिच्या तोंडाला तोंड देणं कुणाला जमलं नव्हतं, पण आता तिच्याजवळचं बोलणं खरोखरच संपलं. देवाला हाक मारायला तोंड उघडलं तर तिथेही शब्द नव्हता. आणि मग विचार न करताच, रविवारच्या चढ्या आवाजात, ती म्हणाली:

"हे जग कोणाचं?"

काहीच नाही. साहेब वळले. तेवढ्यात आतून आलं, "ज्याने केलं त्याचं."

आत्या फटीकडे आणखी सरकली. "तो तुला ओळखतो का?"

"आईने… ओळखायच्या आधीपासून."

"मग तू त्याच्यापासून का लपलास?"

"मला मीच… पुरेसा वाटलो म्हणून."

"शाबास. तुला शोधायला कोण आलं?"

"येशू ख्रिस्त," खड्ड्यातून आवाज आला. "देवाचा पुत्र. मी पडलो… तिथपर्यंत उतरून."

पहिला ठोकळा आत गेला. चेन ओढणारे दोघे घामाने निथळत होते. फोरमन भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. आत्या पुढचा प्रश्न विचारत होती, त्याच्या पुढचा, आणि शेवटचा प्रश्न जवळ येत चालला होता. तो गाळून परत पहिल्यापासून सुरू करावं असं तिला वाटलं. पण भाच्याला क्रम पाठ होता. गाळला तर तो गोंधळेल, आणि गोंधळला तर गप्प होईल.

"तुझं बळ सरलं तर तुझं काय होईल?" तिने विचारलं.

"मी पडणार नाही," आतून आलं. आवाज पातळ झाला होता. "मी त्याला धरलं आहे म्हणून नव्हे, तर त्याने मला…"

आणि शांतता.

साहेबांचा हात वर गेला. चेनवाल्यांनी दोन्ही हातांनी साखळी घट्ट धरली.

"थांबा!" आत्या ओरडली.

"बाई, आवाज बंद झालाय."

"इथे थांबायचं असतं!"

"कोण म्हणतं?"

"सगळे थांबतात. एक श्वास. थांबा साहेब, तुमच्या पाया पडते, इथे थांबायचंच असतं."

साहेबांचा हात तसाच वर राहिला. आत्या फरशीला कान लावून पडली, आणि तिला आठवलं की हा थांबत नाही. कितीतरी रविवार झाले, हा थांबलेला नाही. थांबायचं नाही म्हणून तर याने अख्ख्या मंडळीशी वैर घेतलं. मग आता हा थांबलाय, की मान टाकली? तिच्या डोळ्यांसमोर ती खाट आली, बापाचं उघडं तोंड आलं. तेव्हाही ती अशीच वाट बघत बसली होती. थांबायची जागा आहे, थांबायची जागा आहे, असं मनाला सांगत बसली होती आणि बाप केव्हाच गेला होता. आता साहेबांना 'ओढा' म्हणावं का? म्हणायला तिने तोंडही उघडलं. पोराचा जीव तिच्या जिभेवर आला होता, आणि तिला कुणाचाच आधार नव्हता, फक्त ज्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत त्या खाणीतल्या माणसांचा. ते इथे थांबायचे आणि पुढे जायचे. सगळे जायचे. तिने तोंड मिटलं.

"…धरलं आहे म्हणून," खड्ड्यातून आवाज आला.

साहेबांनी हात खाली घेतला. चेनवाल्यांपैकी एकाने बाहीने डोळे पुसले, घामच असेल. "परत विचारा," साहेब म्हणाले, "पहिल्यापासून विचारा."

तिने विचारलं. परत परत विचारलं. दर वेळी त्या जागेपाशी सगळी खोली गप्प व्हायची, चेनवाले हात सैल सोडून दम घ्यायचे, आणि भाच्याचा आवाज आला की साखळी पुन्हा करकरायची. फोरमन एरवी देवाधर्माच्या वाटेला न जाणारा, पण त्याचेही ओठ हलायला लागले होते. शेवटी भाच्याला बाहेर ओढून स्ट्रेचरवर घातलं तेव्हा तो काळानिळा पडला होता आणि पुटपुटतच होता. आत्या स्ट्रेचरमागोमाग निघाली. तिच्या मुठीत सुई अजून होती, तळहातात रुतलेली.

दवाखान्यात त्याच्या बरगड्यांना पट्टे बांधले, पायाला प्लास्टर घातलं. बायको रात्रभर बसली आणि सकाळी आत्याला बसवून घरी गेली. दोघंच उरली. दोघांनाही अबोल्याची इतकी सवय झाली होती की सुरुवात कुणी करायची ते कळेना.

"उशी वर घेऊ का?" आत्या म्हणाली.

"घे." थोड्या वेळाने तो म्हणाला, "आत्या, मी तिथे मुद्दाम थांबलो नव्हतो."

"हं."

"मला सरळ म्हणून टाकायचं होतं. नेहमीसारखं. पण छातीत हवाच नव्हती. 'त्याने मला' म्हटलं आणि संपली. वाटलं, झालं. आता काही पुढे जात नाही." तो छताकडे बघत बोलत होता. "आणि मग वाटलं, इथेच तर सगळे थांबतात. इथे थांबलं म्हणजे काही मेलं नाही माणूस. घाबरायचं कारण नाही. मग श्वास आला."

आत्याने त्याच्या पायावरची चादर ओढून घेतली.

"मास्तरांचंही असंच होत असणार. आणि मी दमेकरी म्हणून हसलो."

"बोलू नकोस जास्त. बरगड्या दुखतील."

"ते कमिटीचं मी बघतो. मीच आणलं होतं, मीच मागे घेतो." मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मला एक सांग. तू कधी उत्तर का देत नाहीस? लहानपणापासून बघतोय. शेवटचं उत्तर आलं की तुला खोकला येतो."

आत्याने पदर सारखा केला. आता खोकला काढावा तर हा हसणार. आणि मग एकाएकी तिने ती दुपार त्याला सांगून टाकली. खाट, धूळ, बाप म्हणाला विचार, तिने विचारलं, आणि तो कुठे थांबला. मोजक्या शब्दांत सांगितलं, कोटाचं काज घालावं तसं, एकही टाका जास्त नाही.

भाच्याने उशीवरून मान थोडी उचलली. मग हळूच, पण रविवारच्या आवाजात, म्हणाला, "तुझं बळ सरलं तर तुझं काय होईल?"

"मला काय विचारतोस? मला येतं."

"येतं तर म्हण."

"मी पडणार नाही," आत्या फणकाऱ्याने म्हणाली. "मी त्याला धरलं आहे म्हणून नव्हे, तर त्याने मला…"

तिचा आवाज गेला. ओठ हलले, पण काही निघेना. डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. औषध घेऊन आलेली नर्स दारातच थबकली आणि लगबगीने पुढे आली. "आजी? काय झालं? पाणी देऊ का?"

भाच्याने प्लास्टरखालचा पाय सांभाळत हात वर केला. "थांबा सिस्टर," तो म्हणाला. "इथे थांबायचं असतं."

नर्स औषधाचा पेला हातात घेऊन उभी राहिली. भाच्याने आत्याचा हात धरला, सुईची जखम होती तोच, आणि तो वाट बघत राहिला. त्याने पुढचे शब्द तिच्यासाठी म्हटले नाहीत. मग आत्याने नाक पुसलं, एक मोठा श्वास घेतला, आणि इतक्या वर्षांनी, बापाचं आणि स्वतःचं, दोघांचं मिळून, ते उत्तर पुरं केलं.